काट्यावरचे काका

फोन वाजला की काका तो उचलून कानाला लावत आणि गप्प राहत. 'हॅलो' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करून कंटाळायचा, आपलं नाव सांगायचा, काम सांगायचा, आणि तेव्हा कुठे काका म्हणायचे, "हां. आता बोल." त्यांची मुलगी सावंतवाडीला दिलेली. तिलासुद्धा दर वेळी "बाबा, मी बोलतंय, मी, तुमचा चेडू" असं सांगावं लागे. ती चिडायची. काका म्हणायचे, "तुझो आवाज कोणय काढीत. आधी वळख, मगे माया."

हा फोन राहायचा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण काढून. पत्र्यामुळे घंटा अशी घुमायची की आमच्या वाड्यावरच्या साऱ्या घरांना कळे, काकांना कोणाचा तरी फोन आलाय. आम्ही तर लागूनच. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये कमरेएवढा दगडी गडगा, त्यात जाण्यायेण्यापुरती एक फट, बाकी काही नाही. त्यांच्याकडची शिंक मला ऐकू यायची. माझ्याकडचं त्यांना काय काय ऐकू जात असेल, याचा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. हल्ली दुसरा विचार सुचत नाही.

काका मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी डिचोलीच्या खाणीवर आले आणि काट्यावर लागले. काटा म्हणजे ट्रकांचं वजन करायची जागा. ट्रक काट्यावर दोनदा चढतो, आधी रिकामा आणि मग भरलेला. मधला फरक तेवढा माल. उभा जन्म त्यांनी हेच केलं, आणि ड्रायव्हर लोक किती परींनी फसवू बघतात तेही पाहिलं. खाण बंद पडली, काटा गंजला, बायको गेली. काका गावातच राहिले. निवृत्त माणूस देवधर्म करतो, भजनाला बसतो. काका तक्रारी करू लागले. पोदेराचा, म्हणजे दारावर येणाऱ्या पाववाल्याचा, उंडो पाव स्वयंपाकघरातल्या तराजूत तोलून त्यांनी पणजीच्या वजनमापं खात्याला अर्ज पाठवला होता. पोदेर दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात सायकल उभी करून म्हणाला, "काका, हो एक उंडो चड घेयात, पूण सरकाराक मधीं हाडूं नाकात." काकांनी जादा उंडो घेतला नाही. अर्जही मागे घेतला नाही.

हसू नका. पुढे याच माणसाने निदान वीस-पंचवीस घरं बुडता वाचवली.

त्याची सुरुवात एका जुन्या ट्रक ड्रायव्हरपासून झाली. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी फोनवर त्याच्याकडून आकडे काढून घेतले आणि खातं धुऊन नेलं. सांगायचं कुठे हे त्याला ठाऊक नव्हतं. काका त्याला घेऊन डिचोली, पणजी, परत डिचोली असे हिंडले आणि सगळं शिकून आले. मग लोक त्यांच्या बलकांवात, म्हणजे पुढच्या दारातल्या दगडी बैठकीवर, येऊन बसू लागले. कोणाला लॉटरी लागलेली असे, कोणाची वीज तोडणार असत, कोणाला घरबसल्या नोकरी मिळालेली असे.

काका त्यांना पैशांचं आधी विचारतच नसत. म्हणत, "आधी रिकामी गाडी सांग." म्हणजे फोन येण्याआधी तू कुठे होतास, काय करत होतास.

आमोण्याची एक बाई आली होती, ती मला अजून दिसते. पदराचं टोक दातांत धरलेलं.

"फोन इलो तेव्हा काय करी होतस?"

"नुस्तें करतालें."

"कसला?"

"बांगडे. आतां बांगड्यांचें कितें पडलां तुमकां, भाऊ? पयशे गेले म्हजे!"

"पोदेर येऊन गेललो?"

"गेल्लो. दुसरो, सांजेचो, येवंक नासलो."

काकांनी कॅलेंडरच्या पानाच्या कोऱ्या बाजूवर वेळ टिपली. अशा बायकामाणसांकडून त्यांनी मिनिटापर्यंत वेळ काढलेली मी पाहिली आहे. घाबरलेलं माणूस बांगड्यांबद्दल बोलता बोलता श्वास घ्यायला लागतं, हेही त्यांना कळत असावं. मग ते भरलेल्या गाडीकडे वळायचे: कोणत्या नंबरावरून फोन, कोणत्या खात्यात पैसे, मेसेज कुठे आहे. "काय्येक पुसू नको. मेसेज पुसलंस काय पुरावो पुसलंस." मग स्वतः सायबरचा तो चार आकडी नंबर लावायचे. तो बँकेच्या दारावर चिकटवलेला असतो, आपण त्याच्याखालून जा-ये करतो. मग बँकेला फोन, खातं बंद. मग दोन प्रतींचा अर्ज घेऊन पोलीस ठाणं. "आपल्या प्रतीर शिक्को मारून घेतल्याबिगर भायर येवचा नाय."

आणि कोणी लाजून मान खाली घातली की म्हणत, "आधी नंबर, मगे लाज. लाजेक आखो जल्म पडलो हा."

अर्ज लिहून द्यायचो मी. माझं अक्षर मास्तराचं, आणि काकांचं म्हणजे मुंग्यांची रांग. तेव्हा हे सारं मला तोंडपाठ होतं, हे ध्यानात ठेवा. पोलीस व्हिडिओवर अटक करत नाहीत, तसा कायदाच नाही, हे वाक्य मी स्वतःच्या हाताने किती अर्जांत लिहिलं असेल.

त्या आमोण्याच्या बाईचे पैसे गेले गुरुवारी, आणि ती काकांकडे आली सोमवारी दुपारी. मधले चार दिवस कुठे होती? तर ती देवळातल्या सोमवारची वाट पाहत होती. आमच्याकडे ढोर हरवलं, दागिना गेला, की माणूस आधी देवाकडे जातो. भट देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना कळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला प्रसाद घेणं म्हणतात, आणि तो आमच्या भागात बहुतेक देवळांत ठरल्या वारीच होतो. तिने विचारलं होतं, तक्रार करू की नको. उजवी पडली, मग ती बस पकडून आली.

काका स्वतः सोमवार न चुकवणारे. पण त्या दिवशी त्यांनी कपाळावर हात मारला. "देव खंय पळान जाता गो, बाये? पैसो पळता! आधी नंबर लावचो, मगे देवाक सांगाचा. तो काय रागावचो नाय."

बाई रडता रडता हसली. तिचे पैसे काही मिळाले नाहीत.

आता माझं सांगतो. आठ महिने मी हे कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

शाळेला सुट्टी होती. बायको चोपड्याला माहेरी गेली होती, तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. स्कूटर तीच घेऊन गेलेली. मी सातवीचे मराठीचे पेपर तपासत होतो. फोन आला, मग व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावर खाकी वर्दीतला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायली. त्याने माझं नाव, बापाचं नाव, आधारचा नंबर वाचून दाखवला. माझ्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत म्हणाला. दार लावा. खिडक्या लावा. चपला आत घ्या. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कोणाला सांगितलंत तर तुमच्या बायकोलाही उचलू. बायको आज कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे.

बायको चोपड्याला आहे हे पाच मिनिटांपूर्वी मीच त्याला सांगितलं होतं. तेव्हा ते आठवलं नाही.

मला सगळं ठाऊक होतं म्हणालो ना? भीती शिरली की ठाऊक असलेलं माणूस दुसऱ्या कोणाचं तरी असल्यासारखं बघत राहतं. मी जनेल, म्हणजे आमची खिडकी, लावून घेतलं, दार लावलं, चपला उचलून कोनाड्यात ठेवल्या. पंखा फिरत होता तरी सदरा पाठीला चिकटला. तिसऱ्या तासाला मला लघवीला जायचं होतं. बोलायचा धीर झाला नाही. वर्गातली पोरं करतात तशी मी पडद्यासमोर करंगळी वर केली. त्या माणसाने जरा थांबून मान हलवली. पन्नाशी उलटलेला मास्तर मी, फोन हातात धरून मोरीत गेलो.

होतं नव्हतं ते मी पाठवून दिलं. मग तो म्हणाला, गावात तुमची खात्री देणारा एक जामीनदार लागेल, नाव आणि नंबर द्या.

मी काकांचं नाव दिलं.

पुढे मी स्वतःला बरंच समजावलं, की काका ही लबाडी ओळखतील म्हणून मी त्यांचं नाव दिलं. खोटं आहे ते. त्याने विचारलं आणि माझ्या तोंडून पहिलं जे नाव आलं ते मी दिलं. त्या घटकेला मला तेवढंच हवं होतं, की त्याचे डोळे माझ्यावरून निघून दुसऱ्या कोणावर जावेत.

थोड्या वेळाने गडग्यापलीकडे पत्र्याच्या डब्यात फोन वाजला. वाजायचा थांबला. काका गप्प होते, नेहमीसारखे. मग ऐकू आलं, "हां. आता बोल." त्यानंतर बराच वेळ काही नाही. मग चपलांचा आवाज, गडग्याची फट, माझं अंगण.

"मास्तर! ओ मास्तर! आत आसस काय रे?"

पडद्यावरच्या माणसाने ओठांवर बोट ठेवलं.

काकांनी दार ठोठावलं. मागे जाऊन परसदारची कडी वाजवली. परत पुढे आले. "मास्तर, काय झाला तरी आवाज दी रे. मी असंय." दार आणि मी यांच्यात चार हात अंतर होतं. दाराखालच्या फटीतून त्यांच्या पायांची सावली दिसत होती. मी श्वास तोंडाने घेत होतो, आवाज होऊ नये म्हणून. सावली हलली, थांबली, मग गेली.

मास्तराला पणजीला नेलंय, सोडवायचा तर आत्ता पैसे भरा, असं त्यांना फोनवर सांगितलं होतं. काकांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही. ते आयुष्यभर करत आले तेच त्यांनी केलं: स्वतः जाऊन खात्री केली. भर दुपारी बंद खिडक्या, दारात चपला नाहीत, हाकेला ओ नाही. काटा बरोबर होता. वजन मी खोटं चढवलं होतं.

ते बसने डिचोलीला गेले आणि ठेव मोडली. बँकेतल्या मुलीने विचारलं, एवढे कोणाला पाठवता काका? त्यांनी फोनवरच्या माणसाने पढवलेलं उत्तर दिलं, नातेवाइकाला. माझ्यासाठी काका खोटं बोलले. त्याआधी ते कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.

चारच्या सुमाराला माझ्या फोनवरची ती वर्दी अचानक नाहीशी झाली. मी बराच वेळ तसाच बसलो. मग गुदमरायला लागलं म्हणून जनेल उघडलं. वाटेवर काका उभे होते, बगलेत छत्री, नुकतेच बसमधून उतरलेले. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं.

मी जनेल लावून घेतलं.

त्यांनी मला हाक मारली नाही. सरळ घरात गेले आणि तो चार आकडी नंबर लावला. मी भिंतीला टेकून ऐकत होतो. वेळ, खात्याचा नंबर, बँकेचं नाव, सगळं एका दमात. त्यांचे निम्मे पैसे त्यामुळे वाटेत अडकले, म्हणजे वाचले. माझाही फोन त्याच वेळी त्या नंबरावर गेला असता तर दोघांचे धागे जुळले असते, उरलेलेही कदाचित वाचले असते. तक्रार घेणाऱ्याने नंतर हेच सांगितलं.

तिन्हीसांजेला ते माझ्या दारात आले. पायरी चढले नाहीत.

"मास्तर, तू खंय होतस?"

"पणजीला," मी म्हटलं. "आत्ताच आलो."

"तुका काय कोणाचो फोन इललो?"

"नाही."

"बघ हां," काका म्हणाले. "अजून वेळ असा."

"नाही, काका. कसला फोन?"

"बरा," ते म्हणाले आणि गेले.

सोमवारी मी देवळात गेलो. हो, मीसुद्धा. भट म्हणाला, "मास्तर, कितें विचारूं देवाक?" मागे माणसं उभी होती. मी म्हटलं, एक काम मनात धरलंय, करू की नको एवढंच विचारा. भटाने गाऱ्हाणं घातलं. मनात धरलेलं काम होतं गप्प राहणं. प्रश्न कसा घातला की हवं ते उत्तर येतं, हे मास्तराला शिकवायला नको. उजवी पडली. मी देवाच्या पाया पडलो आणि घामाने भिजून बाहेर आलो.

मंगळवारी ठाण्याचा हवालदार आला. काकांच्या तक्रारीत माझं नाव होतं. मी सांगितलं, त्या दिवशी पणजीला होतो, मला कसलाही फोन आला नाही. त्याने लिहून घेतलं आणि गडग्याकडे बघून हसला. "पिराय जाली म्हाताऱ्याची," म्हणाला, म्हणजे वय झालं.

गावाला एवढंच पुरलं. शेजाऱ्याला अटक झाली समजून म्हाताऱ्याने ठेव मोडली, आणि शेजारी तर पणजीत बाजार करत होता! चहाच्या हॉटेलात कोणीतरी विचारायचं, "काका, आज कोणाक सोडोवन हाडले?" दुसरा म्हणायचा, "काटो चुकलो रे!" काका चहा पिऊन निघून जायचे. बलकांवात लोक यायचे बंद झाले. फसवले गेलेले पुन्हा गप्प बसायला लागले. त्यातल्या दोघांचं मला खात्रीने माहीत आहे.

मला त्यांच्या रागाची भीती वाटत होती. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रोज सकाळी गडग्यावरून तोच प्रश्न, "मास्तर, चाय घेतलंस?" मी 'घेतला' म्हणून आत पळायचो. शाळेचा शिपाई खाकीत वर्गाच्या दारात उभा राहिला की खडू खाली पडायचा. आणि डब्यात फोन वाजला की मी श्वास धरून बसायचो, काकांचं "आता बोल" ऐकू येईपर्यंत. पुढेपुढे ते ऐकू येईना. मुलीने त्यांचा फोन काढून घेतला होता.

गेल्या आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली. हातात कुठल्याशा वकिलाने करून दिलेला कागद. "मास्तरांनु, तुमची एक सही होयी," ती म्हणाली. "बाबाक आता काय कळणा नाय. बँकेचा मी बघतंय, आणि तेंका सावंतवाडीक नेतंय. डॉक्टराकय दाखवचा असा. शेजाऱ्याची सही असली म्हणजे बरी. नायतरी सगळा तुमच्याच नावान झाला ना!"

कागदावर लिहिलं होतं, की सदर इसमास भास होतात आणि न घडलेल्या गोष्टी घडल्याचे वाटते. खाली माझं नाव टाइप केलेलं. पेन तिनेच पुढे केलं.

मी कागद घेतला आणि गडग्याच्या फटीतून पलीकडे गेलो. ती मागोमाग आली. काका काळ्या चहात उंडो बुडवत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, करंगळीसकट. काकांनी उंडो बशीत ठेवला. मुलगी दाराला धरून उभी होती; तिच्या तोंडून "अगो आये" एवढंच आलं.

माझं संपलं तेव्हा काका म्हणाले, "रिकामी गाडी सांगूक नाय तू."

"काय?"

"फोन इलो तेव्हा काय करी होतस?"

"पेपर तपासत होतो."

"कसले?"

"सातवीचे. मराठीचे." आणि तिथे मला रडू फुटलं.

"माका काय सांगतस रे हे सगळा?" काका उठत म्हणाले. "माझ्या घरार काय ठाण्याची पाटी असा? थंय सांग." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, वाचला, उलटा केला. "हेची मागची बाजू कोरी असा. लिही हेच्यार. ठाण्यात मगे बरो लिहून काढ."

मुलगी म्हणाली, "बाबा, तो कागद…"

"तुझो कागद बरो असा गो. जाड असा."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. ठाण्यात तोच हवालदार होता. काका बाहेरच्या बाकावर बसले. मी अर्ज लिहिला, मग त्याने एक छापील फॉर्म पुढे केला. शेवटाजवळ एक रकाना होता: तक्रार देण्यास उशीर झाल्याचे कारण.

माझं पेन थांबलेलं पाहून हवालदार म्हणाला, "भियेल्लों, अशें बरयात, मास्तर. सगळे तशेंच बरयतात."

भ्यालो होतोच. अजूनही भीत होतो. दारापलीकडे ते बसलेत हे मानेच्या मागच्या कातडीला कळत होतं. पण तो शब्द लिहायला हात उठेना. मी एक ओळ लिहिली. हवालदाराने ती वाचली, परत वाचली, आणि माझ्याकडे न बघता हाक दिली, "काका, भितर येयात मरे."

काका आत आले, खुर्चीवर बसले. मी फॉर्म त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी खिसे चाचपले. चष्मा घाईत घरी राहिला होता.

"वाच," ते म्हणाले.

टेबलापलीकडे दोन अनोळखी माणसं आपापल्या तक्रारी घेऊन बसली होती, तीही बघू लागली. वर्गात वाचतो तसा मी मोठ्याने वाचू लागलो: "शेजारी दार ठोठावत होते आणि मी घरातच होतो."